वाचकांचे प्रश्न : इद्रिसा गाना ग्ये आणि मध्यरक्षकाचे काम

नाशिकच्या वाचकांकडून फुटबॉलविषयी आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण ती सगळी सेनेगलचा मध्यरक्षक इद्रिसा गाना ग्ये याच्या खेळाशी आणि त्याच्या परदेशातील कारकिर्दीशी संबंधित आहेत.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा असून तो बचावफळीच्या थोडा पुढे, मध्यरक्षक म्हणून खेळतो. उंचीने तो लहान आहे आणि गोल जवळजवळ करतच नाही. त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला इंग्लंडमधील एव्हर्टन क्लबच्या गानाचे सामने पाहायला सांगितले आणि तेव्हापासून तो गानाचा चाहता झाला आहे. नातेवाईक मात्र ‘गोल किती केले?’ एवढेच विचारतात आणि मुलगा हिरमुसतो. या खेळाडूची कारकीर्द सांगावी आणि गोल न करणाऱ्या खेळाडूला मोठे क्लब एवढे मोल का देतात, हेही समजावून द्यावे.
— एक पालक, इंदिरानगर

उत्तर : आपल्या चिरंजीवांच्या प्रशिक्षकांनी उदाहरण फार विचारपूर्वक निवडले आहे. गानाचा जन्म २६ सप्टेंबर १९८९ रोजी सेनेगलच्या राजधानीत, डकार येथे झाला. डकारच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्यावर साली हे गाव आहे. तेथे मूळचा डकारचा पण फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलेला पॅट्रिक व्हिएरा, गोलरक्षक बर्नार लामा, जिमी अजोव्ही-बोको आणि साएर सेक यांनी २००३ साली ‘दियांबार’ ही निवासी संस्था उभी केली. शाळा आणि सराव यांची तेथे फारकत होत नाही, कारण संस्थेत आलेल्या मुलांपैकी थोडेच पुढे व्यावसायिक खेळाडू होणार, हे संस्थापकांनी आरंभापासून गृहीत धरले होते. गाना याच संस्थेत घडला आणि २००८ साली फ्रान्समधील लील या क्लबकडे गेला.

पुढची काही वर्षे बातम्यांत फारशी येत नाहीत, पण माझ्या मते आपल्या मुलासाठी तीच सर्वांत मोलाची आहेत. लीलच्या मधल्या फळीत त्या काळी रिओ माव्हुबा, फ्लोरां बालमाँ आणि योहान कबाय असे मुरलेले खेळाडू होते, आणि आघाडीच्या फळीत एडन हजार्ड नावाचा तरुण अवघ्या फ्रान्सचे लक्ष वेधून घेत होता. गाना आधी राखीव संघात खेळला आणि मग मुख्य संघात हळूहळू शिरला. २०१०-११ च्या हंगामात लीलने फ्रान्सची साखळी स्पर्धा आणि चषक स्पर्धा दोन्ही जिंकल्या, तेव्हा तो संघात होता, परंतु त्या यशाचा चेहरा नव्हता. हजार्ड २०१२ साली चेल्सीला गेला, कबाय त्याआधीच इंग्लंडला गेला होता. गाना मात्र २०१५ पर्यंत लीलमध्येच राहिला आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी ॲस्टन व्हिलाकडून खेळण्यासाठी इंग्लंडमध्ये आला.

तो हंगाम व्हिलासाठी दारुण ठरला. ३८ सामन्यांत ३ विजय आणि १७ गुण मिळवून संघ तळाला राहिला आणि खालच्या श्रेणीत ढकलला गेला. अशा संघातील खेळाडूकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. पण प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घेण्याच्या यादीत, म्हणजे ज्याला आपण ‘टॅकल’ म्हणतो त्यात, गानाचे नाव अगदी वरच्या क्रमांकांत होते. संघ हरत असतानाही त्याचे वैयक्तिक काम चोख होते, हे एव्हर्टनने ओळखले. करारातील एका कलमामुळे ठरावीक रक्कम भरली की व्हिलाला त्याला अडवता येत नव्हते, आणि ती रक्कम होती सुमारे ७१ लाख पौंड. ऑगस्ट २०१६ मध्ये एव्हर्टनने त्याला घेतले. तीन हंगामांनंतर, जुलै २०१९ मध्ये, पॅरिस सेंट-जर्मेनने त्याच खेळाडूसाठी सुमारे ३ कोटी युरो मोजले. या तीन वर्षांत तो गोल करणारा खेळाडू झाला नव्हता. त्याने फक्त आपले काम आठवड्यामागून आठवडा तितक्याच नेटाने केले होते.

आता मोल का, याविषयी. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे आहोत आणि क्रिकेटच्या धावपुस्तकात प्रत्येक चेंडूची नोंद होते, त्यामुळे जे फलकावर दिसते तेच काम, अशी आपली नजर तयार झालेली असते. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांतील बहुतेक कामाची फलकावर नोंदच होत नाही. बचावफळीसमोर उभ्या असलेल्या मध्यरक्षकाने दोन पावले डावीकडे सरकून प्रतिस्पर्ध्याच्या पासची वाट बंद केली, तर तो पास दिलाच जात नाही आणि न दिलेल्या पासची गणती कोठेही होत नाही. २०१८ च्या विश्वचषकात पोलंडविरुद्ध सेनेगलचा पहिला गोल गानाच्या फटक्यावरच झाला, पण चेंडू पोलंडच्या थियागो चोनेकला लागून आत गेल्यामुळे तो स्वयंगोल म्हणून चोनेकच्या नावावर लागला. सेनेगलने तो सामना २-१ असा जिंकला, आणि ज्याच्या पायातून तो गोल निघाला त्याच्या खात्यात काहीच जमा झाले नाही.

आपण मुलाचा सामना पाहायला जाल तेव्हा एकदा असे करून पाहा. दहा मिनिटे चेंडूकडे न पाहता केवळ मुलाकडे पाहा. चेंडू दूर असताना तो मान वळवून मागे कोण आहे हे पाहतो का, आपला संघ चढाई करीत असताना तो मागची मोकळी जागा राखतो का, टॅकल करताना आततायीपणे जमिनीवर घसरण्याऐवजी पायांवर उभा राहतो का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चेंडू जिंकल्यानंतरचा त्याचा पहिला पास आपल्याच खेळाडूकडे जातो का. गानाची उंची १.७४ मीटर आहे, म्हणजे युरोपच्या मानाने कमीच. दांडग्या खेळाडूंशी तो खांद्याला खांदा भिडवून जिंकत नाही, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे पोहोचण्याच्या क्षणी तेथे हजर असतो. हे अंदाजाचे आणि धावण्याच्या दमाचे काम आहे. उंची कमी असली तरी ते करता येते, आणि आपल्या मुलाच्या वयात ते शिकवताही येते.

राहिले गोल. ते त्याने अगदीच केले नाहीत असे नाही, आणि जे केले त्यांतील काही फार मोक्याचे आहेत. २०१९ च्या आफ्रिका चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात बेनिनविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच होता. सप्टेंबर २०२१ मध्ये पॅरिसकडून मँचेस्टर सिटीविरुद्ध आठव्याच मिनिटाला त्याने गोल केला. त्याआधी एप्रिलमध्ये याच सिटीविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात त्याला लाल कार्ड मिळाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गोलाचे महत्त्व अधिक कळते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आफ्रिका चषकाच्या उपांत्य सामन्यात बुर्किना फासोविरुद्ध त्याने एक गोल केला. नंतर याउंदे येथील अंतिम सामन्यात इजिप्तला पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-२ असे हरवून सेनेगलने हा चषक इतिहासात प्रथमच जिंकला. २०१९ मध्ये कैरोत अल्जीरियाकडून अंतिम सामना ०-१ असा गमावलेल्या संघातही गाना होता. शंभरहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला तो सेनेगलचा पहिला पुरुष खेळाडू आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये, वयाची तेहेतिशी जवळ आली असताना, तो पॅरिसहून एव्हर्टनला परतला. एवढ्या वयाच्या मध्यरक्षकाला इतक्या धावपळीच्या साखळीत परत आणणे अनेकांना धाडसाचे वाटले होते. त्यानंतरच्या हंगामांत एव्हर्टन तळाच्या आसपास झुंजत राहिला. २०२३-२४ मध्ये तर आर्थिक नियमांच्या उल्लंघनाबद्दल त्याचे एकूण ८ गुण कापले गेले. त्या हंगामाच्या शेवटी, एप्रिल २०२४ मध्ये, नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध २-० असा विजय मिळाला, त्यातील पहिला गोल गानाचा होता, आणि पुढच्या शनिवारी ब्रेंटफर्डविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच होता. त्या विजयाने एव्हर्टनचे पहिल्या श्रेणीतील स्थान पक्के झाले. नातेवाईकांनी पुन्हा गोलांचा आकडा विचारला, तर या दोन गोलांची हकीकत त्यांना अवश्य सांगावी.

प्रश्न : नोव्हेंबर २०२५ मध्ये याच गानाने भर मैदानात स्वतःच्याच संघातील खेळाडूला थप्पड मारली आणि त्याला बाहेर काढण्यात आले. अशा खेळाडूला मुलांसमोर आदर्श म्हणून ठेवणे आपल्याला योग्य वाटते का?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक रोड

उत्तर : प्रसंग खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यात तेराव्या मिनिटाला, एका चुकलेल्या पासवरून सहकारी मायकेल कीन याच्याशी त्याची वादावादी झाली, त्याचा हात कीनच्या गालावर पडला आणि पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवले. उरलेला सामना दहा खेळाडूंनिशी खेळून एव्हर्टनने १-० असा जिंकला. गानाने सहकाऱ्यांची आणि चाहत्यांची माफी मागितली. ही चूक गंभीर होती. छत्तीस वर्षांच्या, इतक्या अनुभवी खेळाडूकडून ती झाली, हे मला अधिक खटकते. उरलेल्या दहा जणांना ऐंशीएक मिनिटे त्याच्या वाट्याचेही धावावे लागले, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

तरीही उत्तर ‘होय’ असेच देईन. त्याच्या खेळातून जे शिकायचे ते म्हणजे जागा राखणे, चेंडू काढून घेणे आणि वर्षानुवर्षे शरीर खेळण्याजोगे ठेवणे. या गोष्टी त्या एका प्रसंगाने खोट्या ठरत नाहीत. आपण शिक्षक आहात. तो प्रसंग वगळून मुलांना सामने दाखवण्यापेक्षा तोही दाखवावा आणि त्यावर त्यांना बोलू द्यावे, असे मला वाटते.

प्रश्न : सेनेगलच्या संघात पाप ग्ये नावाचा आणखी एक मध्यरक्षक आहे. हे दोघे भाऊ आहेत का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : नाही. ग्ये हे सेनेगलमधील प्रचलित आडनाव आहे. पाप ग्ये याचा जन्म १९९९ साली फ्रान्समधील माँत्रई येथे झाला आणि ल आव्र, मार्सेय अशा फ्रेंच क्लबांतून तो स्पेनमधील विलारेयाल या क्लबकडे गेला. राष्ट्रीय संघात दोघे एकत्र खेळले आहेत.

प्रश्न : मी देवळाली कॅम्प परिसरात मुलांना फुटबॉल शिकवतो. परदेशी क्लबच्या चाचणीला नेतो असे सांगून काही जण पालकांकडून मोठ्या रकमा मागतात. एखाद्या खेळाडूसाठी कोट्यवधी मोजले जातात, तेव्हा ज्यांनी त्याला लहानपणी शिकवले त्यांच्या वाट्याला काही येते का? आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला परदेशी क्लब घेऊ शकतो का?
— एक प्रशिक्षक, देवळाली कॅम्प

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे. जागतिक फुटबॉल संघटनेच्या म्हणजे फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात क्लबबदली करण्यास मनाई आहे. त्याला अपवाद मोजके आहेत. पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात स्थायिक झाले असतील, सीमेलगतच्या दोन देशांत खेळाडूचे घर आणि क्लब अगदी जवळ असतील, किंवा युरोपीय संघातल्या देशांमध्येच बदली होणारा सोळा वर्षांवरील खेळाडू असेल, अशी ही उदाहरणे आहेत. नाशिकमधील तेरा वर्षांच्या मुलाला यांपैकी काहीही सहसा लागू होत नाही. गानादेखील फ्रान्सला गेला तो अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच. तेव्हा या वयाच्या मुलाला युरोपातील क्लबमध्ये नोंदवून देतो असे म्हणून जो पैसे मागतो, तो एकतर नियम जाणत नाही किंवा जाणूनबुजून फसवतो. पश्चिम आफ्रिकेत अशा दलालांच्या नादी लागून अनेक कुटुंबांनी असेल-नसेल ते विकले आणि मुले परक्या शहरांत निराधार झाली. साली गावातील दियांबारसारख्या संस्थेत शाळा सक्तीची का, याचे एक कारण हेही आहे. पालकांना आपण हे ठामपणे सांगावे, कारण ते आपले ऐकतील.

आता पैशांविषयी. करार चालू असताना खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे पैसे देऊन गेला आणि ती बदली आंतरराष्ट्रीय असली, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. खेळाडूच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंतचे हंगाम त्यासाठी धरतात. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक हंगामासाठी मूळ रकमेच्या पाव टक्का आणि सोळा ते तेवीस या वयातील प्रत्येक हंगामासाठी अर्धा टक्का मिळतो. ३ कोटी युरोंच्या बदलीत अर्धा टक्का म्हणजे दीड लाख युरो, २०१९ च्या दराने एक कोटी रुपयांहून अधिक. गाना इंग्लंडला गेला तेव्हा पंचविशीत होता, म्हणून पॅरिसच्या बदलीतील हा वाटा नियमानुसार व्हिला किंवा एव्हर्टनचा नव्हता, तर त्याच्या आधीच्या वर्षांचा होता.

मात्र हा वाटा मागण्यासाठी मुलाची त्या त्या हंगामातील नोंदणी कागदोपत्री सिद्ध करावी लागते. केवळ मैदानावर शिकवल्याने हक्क मिळत नाही. म्हणून आपला क्लब जिल्हा संघटनेमार्फत राज्य संघटनेशी, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, संलग्न आहे ना हे पाहावे. प्रत्येक मुलाची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत बाराव्या वर्षापासून दर हंगामाला करावी, आणि जन्मदाखल्यावरील नावाचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्याशी आताच जुळवून घ्यावे.