नुसता संबंध नको, कारण शोध

प्रिय,

धमन्यांच्या आजारांची जनुकीय मुळं शोधायची आहेत हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या पत्रात ‘संबंध सापडला’ चार वेळा आलंय आणि ‘कारण’ एकदाही नाही, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

एचडीएलचंच बघ. ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणून आम्ही पेशंटना वर्षानुवर्षं शाबासकी दिली. ते जास्त असलेल्यांना हार्ट अटॅक कमी येतात, हे खरंच होतं. मग ते वाढवणारी औषधं निघाली. टॉर्सेट्रॅपिबची चाचणी 2006 मध्ये थांबवावी लागली, औषध घेणारेच जास्त दगावत होते. त्याने रक्तदाबही वाढत होता, त्यामुळे खोट औषधात की मूळ कल्पनेत, यावर वाद चालू राहिला. 2012 मध्ये जनुकांची साक्ष आली. एलआयपीजी जनुकात एक विशिष्ट बदल असलेल्यांचं एचडीएल जन्मापासून चढं असतं. हार्ट अटॅक मात्र त्यांना इतरांइतकेच! ही साक्ष वजनदार, कारण वारशाने आलेलं डीएनएचं अक्षर आजार झाला म्हणून बदलत नाही.

पीसीएसके9 या कोलेस्टेरॉलशी निगडित जनुकाची गोष्ट तुला पाठ असेलच, सगळे तीच सांगतात. मी दुसरी सांगते.

सहाव्या गुणसूत्रावर, पीएचएसीटीआर1 जनुकाच्या आत एक अक्षर आहे; कुणात ए, कुणात जी. जी असेल तर हृदयाच्या धमन्या तुंबण्याचा धोका थोडा वाढतो, पण मायग्रेनचा आणि मानेतली धमनी आतून चिरण्याचा धोका कमी होतो. एकच अक्षर, इकडे नुकसान, तिकडे राखण. म्हणजे गडबड धमनीच्या भिंतीतच असणार. पण कोणत्या जनुकामार्फत? 2017 मध्ये संशोधकांच्या एका गटाने म्हटलं, एंडोथेलिन-1 या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या प्रथिनाच्या. ते जनुक तिथून सुमारे सहा लाख अक्षरं लांब. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने स्टेम सेलपासून वाढवलेल्या, रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत तेच अक्षर बदललं, तर पीएचएसीटीआर1 चं प्रमाण बदललं, एंडोथेलिन जागचं हललं नाही. दोन्ही गट तयारीचे, पेशी एकाच जातीच्या, उत्तरं वेगळी. मला तर असे वाद यशाच्या बातम्यांपेक्षा जास्त शिकवून जातात.

तेव्हा आजाराशी संबंध सापडलेल्या डीएनएतल्या जागांच्या यादीतल्या स्थानाला जवळच्या जनुकाचं नाव चिकटवून मोकळं व्हायचं नाही. पेशी वाढवायला शीक. बायपासच्या वेळी शेजारी उभं राहून कडक झालेली धमनी एकदा बोटांनी चाचपून बघ; आकडेवारी करणारे बहुतेक जण हे कधी करत नाहीत. आणि नमुने कुणाचे, ते आधी विचार. या अभ्यासांतली बहुसंख्य माणसं युरोपीय वंशाची आहेत. त्यांच्यावरून बेतलेला धोक्याचा गुणांक पुण्यातल्या पेशंटला जसाच्या तसा लावू नकोस.

पुढच्या पत्रात तुझ्या यादीतलं एकच स्थान निवड आणि ते कुठल्या पेशीत काम करत असेल, ते लिही. अंदाज चुकला तरी चालेल, पण का वाटलं ते हवं.

सस्नेह,
तुझी मॅडम