तारीख कोर्टात, वादी तुरुंगात

प्रश्न : माझा धाकटा भाऊ शिक्षा भोगत आहे. तिथे काम करताना त्याच्या हाताला इजा झाली, उपचार लांबले आणि दोन बोटे कायमची आखडली. शासनाविरुद्ध भरपाईचा दावा त्याने स्वतःच लिहून दाखल केला; वकील दिलेला नाही. गेल्या दोन तारखांना त्याला कोर्टात नेलेच नाही. दावा निघून जाईल का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : जाऊ शकतो, म्हणून आजच हालचाल करा. फौजदारी खटल्यात आरोपीला तारखेला आणणे हे सरकारचे काम असते. दिवाणीतही तसेच असेल, असे घरचे लोक धरून चालतात. इथे तुमचा भाऊ वादी आहे आणि वादीची हजेरी ही वादीचीच जबाबदारी. कोर्टाचा लेखी आदेश अधीक्षकांच्या हाती पडल्याशिवाय कोणी त्याला बाहेर काढणार नाही. सरकारी वकील हजर, वादी गैरहजर, अशी नोंद रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) झाली की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ नियम ८ खाली दावा काढून टाकता येतो. मग त्याच कारणावरून नवा दावा करता येत नाही. जुनाच दावा पुन्हा फाईलवर घ्यावा, असा अर्ज ३० दिवसांच्या आत करावा लागतो. तेव्हा आधी दोन्ही तारखांना काय झाले ते पाहा. दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाची ओळखखूण) टाकला की ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर कळते.

आता अर्जाचे. संहितेची ऑर्डर १६-अ ही बंदिवानाला साक्षीसाठी आणण्याची तरतूद आहे, दर तारखेला फिरवून आणण्याची नाही. सगळ्या तारखांना हजर करा असा सरसकट अर्ज इथेच अडतो. साध्या तारखांसाठी दृक्‌श्राव्य माध्यमातून हजेरी मागावी आणि पुराव्याच्या दिवसासाठी प्रत्यक्ष हजेरीचा अर्ज निराळा द्यावा. कारागृह कोर्टापासून २५ किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर कमिशनवर (कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत) साक्ष घेऊन का भागणार नाही हे कोर्टाला पटवावे लागते. भावाच्या बाबतीत कारण सबळ आहे : बोटे किती वाकतात, हे न्यायाधीशांनी स्वतः पाहायला हवे. तेच वाक्य अर्जात लिहा. बंदोबस्ताचा खर्च आधी भरायला सांगण्याचा अधिकार कोर्टाला आहे. ऐपत नसेल तर माफीची विनंती त्याच अर्जात करावी, नाहीतर आदेश होऊनही खर्चापायी तारीख जाते.

पहिला अर्ज साधारण असा : ‘वादी हा शिक्षाबंदी असून मागील दोन तारखांना कोर्टाच्या आदेशाअभावी हजर राहू शकला नाही. गैरहजेरी हेतुपुरस्सर नाही. सबब, पुढील तारखांना दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहण्यास परवानगी व्हावी व तसे अधीक्षकांस कळविण्याचा आदेश व्हावा.’ एवढे पुरे. उपचाराची तक्रार, कागदांची मागणी, तारीख वाढवण्याची विनंती असे सगळे एका कागदावर कोंबू नये. पहिल्या मागणीवर आदेश होतो, बाकीच्या तशाच राहतात आणि पुढे त्या केल्या होत्या हे दाखवणे जड जाते. अर्जावर बहुधा आधी ‘समोरच्यांनी म्हणणे द्यावे’ असाच शेरा पडतो. म्हणून प्रती तीन करा : एक कोर्टाला, एक सरकारी वकिलांना, एक पोच घेऊन स्वतःकडे.

यातली सगळ्यात घातक चूक मुदतीची. फौजदारी अपील कैद्याने अधीक्षकांच्या हाती देऊन पाठवण्याची सोय कायद्यातच आहे. दिवाणी दाव्याला ती नाही. भावाने अर्ज कारागृहाच्या कार्यालयात दिला म्हणजे कोर्टात दाखल झाला, असे होत नाही. तो टपालात अडकला तर दिवस वाया जातात ते भावाचे. दिलेल्या प्रत्येक कागदाचा जावक क्रमांक आणि तारीख त्याने वहीत उतरवून घ्यावी. विलंब माफी मागताना हीच वही कामाला येते. दुसऱ्या कारागृहात बदली झाली की नवा पत्ता लगेच कोर्टाला कळवा, नाहीतर नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहतील.

कागद मागताना ‘सर्व वैद्यकीय कागदपत्रे’ असे मोघम लिहिले की मोघमच उत्तर येते. इजेचा दिवस, त्या दिवसाची दवाखाना नोंदवहीतली नोंद, बाहेरच्या रुग्णालयात पाठवल्याचे पत्र, एक्स-रे, असे एकेक नाव घ्या. सीसीटीव्हीचे चित्रण मात्र दावा चालण्याची वाट पाहत नाही, त्यावर नवे चढते. ते जपून ठेवावे, असा अर्ज पहिल्याच आठवड्यात हवा होता. अजून दिला नसेल तरी द्या.

आणि वकील घ्या. स्वतः बाजू मांडणे हा भावाचा हक्कच आहे, पण आतून धावपळ होत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. लोक अभिरक्षक कार्यालय (विधी सेवेचेच मोफत बचाव वकिलांचे कार्यालय) फौजदारी कामे पाहते. तुम्ही दिवाणी पॅनेलवरचा वकील मागा. वकालतनाम्यावर भावाची सही तुरुंग अधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्यासह घ्या.

प्रश्न : पती एका खटल्यात आठ महिन्यांपूर्वी निर्दोष सुटले, पण दुसऱ्या प्रकरणात अजून आत आहेत. खोट्या खटल्याबद्दल भरपाई मागायची आहे. आत असेपर्यंत मुदत थांबते ना?
— एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : नाही, ताई, थांबत नाही. मुदत कायद्यातली सवलत अल्पवयीन आणि मनोरुग्ण यांना आहे, कैद्याला नाही. द्वेषमूलक खटल्याच्या भरपाईला निर्दोष सुटल्यापासून एक वर्ष मिळते. दाव्यात झालेल्या उशिराला विलंब माफीही नाही. ती अपिलांना आणि अर्जांना आहे. शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती राज्याच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना देता येते. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा आहे त्याला वेगळी द्यावी. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो, पण त्या भरवशावर राहू नका. या आठवड्यातच नोटीस काढा. खटला नुसता सुटला एवढ्याने भरपाई मिळत नाही. तो द्वेषाने आणि सबळ कारणाशिवाय केला, हे सिद्ध करावे लागते. निकालाची प्रमाणित नक्कल आजच मागा.

प्रश्न : तुरुंगातल्या मुलाचे मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे त्याची बाजू मी मांडू शकते का?
— एक आई, कागल

उत्तर : मुखत्यारपत्रावर सही करता येते, कागद दाखल करता येतात. युक्तिवाद करता येत नाही. त्यासाठी अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३२ खाली कोर्टाची परवानगी लागते आणि ती क्वचित मिळते. मुलाने भोगलेल्याची साक्षही त्याच्याऐवजी तुम्हाला देता येणार नाही. मुलाला स्वतः बोलायचे असेल, तर उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे निबंधक कार्यालयातील अधिकाऱ्यांची समिती आधी त्याच्याशी बोलते. कोल्हापूरचे बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांना आता मुंबई गाठावी लागत नाही. तुरुंगातून आलेले पत्रही याचिका म्हणून घेता येते, हे सुनील बत्रा प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखवले आहे. तरी पत्रात घटना, दिवस, वेळ आणि नेमकी मागणी हवीच. कुठून सुरुवात करावी हे उमगत नसेल, तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची मदत मिळते.