शाईचा डाग

प्रिय मित्रा,

तुझी कथा दोनदा वाचली. शेवटच्या परिच्छेदात बंड्याला 'माणसामाणसांत भिंती असतात' असं उमगतं, तो परिच्छेद काढून टाक. आठ वर्षांचं पोर असं बोलत नाही. आणि खरी गोष्ट तू आधीच लिहून बसला आहेस. कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी बंड्याचाच जुना शर्ट घालून येते, तो खिशाखालचा शाईचा डाग ओळखतो. हे एका ओळीत उरकलंस! तिथे थांबायला हवं होतं.

न्यूझीलंडच्या कॅथरीन मॅन्सफिल्डची 'द डॉल्स हाउस' ही १९२२ सालची कथा मिळवून वाच. घरोघरी कपडे धुणाऱ्या बाईच्या दोन मुली, थोरलीचा झगा बर्नेल नावाच्या सुखवस्तू कुटुंबाच्या टेबलक्लॉथचा, बाह्या दुसऱ्यांच्या पडद्यांच्या. जवळपास शाळा एकच, म्हणून न्यायाधीशांच्या मुलीही तिथेच. बर्नेलांकडचं बाहुलीघर बघायला सगळ्या मुलींना बोलावणं जातं, या दोघी सोडून. 'त्यांना एकदाच बोलावू?' असं बर्नेलांची मुलगी केझिया आईला विचारते. आई म्हणते, का नाही ते तुला चांगलं ठाऊक आहे. बस, एवढंच. मोठी माणसं कारण देत नाहीत, मुलाला ते ठाऊक आहे असं धरून चालतात, आणि मूल शिकतं.

केझिया तरीही दोघींना आत घेते. केझियाची मावशी त्यांना कोंबड्यांसारखं हुसकून लावते. त्यानंतर लेखिका केझियाच्या मनात डोकावतच नाही, ती त्या दोघींबरोबर रस्त्यावर निघून जाते. धाकटीने बाहुलीघरातला इवलासा दिवा पाहिलेला असतो. ती तेवढंच बोलते.

आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप न्हाणीच्या खिडकीत पालथा असायचा, कान तुटलेला. मी सात वर्षांची असताना एकदा त्यांचा चहा आमच्या फुलांच्या कपात ओतला. आई रागावली नाही. तिने तो चहा मुकाट्याने खिडकीतल्या कपात ओतला आणि आमचा कप विसळून ठेवला. बाई खाली बघत होत्या. दुसऱ्या दिवशी मी कुणी न सांगता बाईंच्या चहासाठी खिडकीतला कप काढला. ते आजही मला सलतं, आईच्या वागण्यापेक्षा जास्त.

म्हणून विचारते, डाग ओळखल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्या काय करतो? तेवढं लिहून पाठव.

तुझी,
ताई