वाचक विचारतात : पोर्ट ऑफ स्पेनचे बाजार, हस्तकला आणि गाडीवरचं खाणं

त्रिनिदादच्या राजधानीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : शहरात दोनच दिवस हाताशी आहेत. बाजार बघायला कुठे आणि कधी जावं?

कुठे जायचं यापेक्षा किती वाजता जायचं हे आधी ठरवा. बीथम हायवेलगतचं सेंट्रल मार्केट शनिवारी पहाटे सर्वांत जोरात असतं. भाजी, मासळी, मसाल्याच्या जुड्या सगळं तिथे मिळतं, पण उशिरा गेलात तर उरलासुरला माल आणि ऊन एवढंच वाट्याला येतं. लांब दातेरी पानांची, कोथिंबिरीसारख्या पण बऱ्याच उग्र वासाची जुडी दिसली तर ती शॅडो बेनी. इथल्या निम्म्याअधिक चटण्यांची चव तिच्यावर उभी आहे.

फ्रेडरिक स्ट्रीट आणि शार्लट स्ट्रीट कामाच्या दिवशी सकाळी पायी फिरा. पहिल्या रस्त्यावर कपडे आणि चपला, दुसऱ्यावर फळं-भाज्यांचे फुटपाथवरचे ठेले. संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हाना मैदानाच्या कडेला शहाळी आणि खाण्याच्या गाड्या लागतात. रात्री उशिरा भूक लागली तर सेंट जेम्समधला वेस्टर्न मेन रोड गाठा. त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना बॉम्बे आणि कलकत्ता अशी नावं आहेत.

खिशात 5, 10 आणि 20 टीटी (त्रिनिदाद आणि टोबॅगो) डॉलरच्या नोटा ठेवा. सकाळी सहाला गाडीवाल्यापुढे शंभराची नोट धरली तर तो सुटे कुठून आणणार? एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात टीटी डॉलर पडतात. आणखी एक, लष्करी छापाचा टीशर्ट, टोपी किंवा पिशवी घरीच ठेवून या. सामान्य नागरिकाने ते वापरणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, आणि पर्यटकालाही सूट नाही.

प्रश्न : ‘डबल्स’ नेमकं मागायचं कसं? आणि तिखट किती असतं?

हळद घातलेल्या मऊ तळलेल्या पोळ्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात (आकडा नव्हे). दोन बारा आणि त्यांवर पातळसर छोले, म्हणजे एक डबल्स. दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाउन गावात 1930च्या दशकात हा प्रकार सुरू झाला. मुख्यतः ही सकाळची न्याहारी आहे. चांगल्या गाडीवरचा माल दहाच्या आत संपतो.

मागताना आकडा आणि तिखटाचं प्रमाण एका दमात सांगायचं : ‘टू डबल्स, स्लाइट पेपर’. पायऱ्या चार : नो, स्लाइट, मीडियम आणि प्लेंटी. पहिल्यांदा खाताना स्लाइटच्या पुढे जाऊ नका, घरी कितीही ठेचा खात असलात तरी. आपल्या मिरचीचं तिखट जिभेवर लगेच कळतं आणि ओसरतं. इथल्या स्कॉच बॉनेट जातीच्या मिरचीला आधी फळासारखा गोड वास येतो, जाळ मागून चढतो. तोवर तुम्ही दुसरा घास घेतलेला असता. पाणी पिऊन उपयोग नाही, कारण तिखटाचं द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा पीनट पंच (शेंगदाण्याचं दुधातलं पेय) घ्या.

कुचेला (किसलेल्या कैरीचं लोणचं), चिंचेची आंबटगोड चटणी आणि काकडी यांतलं काय हवं ते सांगा. सगळंच हवं असेल तर ‘एव्हरीथिंग’. कागदावर मिळालेलं डबल्स तिथेच उभ्याने, बाराचा तुकडा मोडून हातानेच खायचं. बांधून हॉटेलवर नेलं की वाफेने बारा फाटतात आणि रस्सा कागदात मुरतो. बऱ्याच गाड्यांवर आधी खायचं आणि किती खाल्ले ते सांगून शेवटी पैसे द्यायचे, अशी रीत आहे.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी आहोत. तिथे निभेल का?

उत्तम निभेल, पण ओळखीच्या नावाला भुलू नका. 1845 साली ‘फातेल रझाक’ जहाज भारतातल्या पहिल्या गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोचलं. पुढे आलेल्यांतले बहुतेक भोजपुरी मुलखातले. त्यामुळे नावं ऐकलेली वाटतात, पण पदार्थ वेगळे झाले आहेत.

डबल्स, फुलौरी (डाळीच्या पिठाची भजी), बैगनी (वांग्याची भजी) आणि सहीना (अळूची पानं आणि डाळीचं पीठ, तळलेलं) निर्धास्त खा. आलू पाय म्हणजे बटाटा भरून तळलेली लांबट पुरी, मधे चिरून तीत छोले घालतात. रोटीच्या दुकानात दालपुरी घ्या, आत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं जिरं घातलेलं सारण असतं. पराठा हवा असेल तर ‘बस-अप-शट’ मागा, तो तव्यावरच आपटून चुरगाळलेला मिळतो. भरायला चना-आलू, भोपळा किंवा कैरी सांगा. मात्र एकाच काउंटरवर बकरा, कोंबडी, बदक आणि कित्येकदा गोमांसही असतं, आणि पळी एकच फिरते. वेगळी पळी वापरायला आधीच सांगा. रोटी गुंडाळायला घेतल्यावर सांगून काही होत नाही.

खरी फसगत बिनभारतीय पदार्थांत होते. हिरवीगार कलालू पालेभाजीसारखी दिसते, पण तीत बहुधा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं. मक्याच्या सूपमध्ये खारवलेली डुकराची शेपटी पडते. सव्हानावर शाकाहारी सूपही मिळतं, विचारून घ्या. अक्रा दिसायला भजी, आत खारा मासा. पाव नावाचा पांढरा वाफवलेला गोळा चिनी आहे, आत सहसा डुकराचं मांस. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. काहीच खात्रीचं दिसलं नाही तर ‘आयटल’ पाटी शोधा. हे रास्ताफारी पंथाचं मांसविरहित जेवण. मीठ बेताचं किंवा अजिबातच नसतं, तेवढं सोसावं लागेल.

प्रश्न : छोटा स्टीलपॅन विकत घ्यायचा आहे. खेळणं कोणतं आणि वाद्य कोणतं, कसं ओळखावं?

वाजवून. दुसरा मार्ग नाही.

खरा पॅन 55 गॅलनच्या तेलाच्या पिंपापासून बनतो. पिंपाचा तळ हातोडीने ठोकून वाटीसारखा खोल करतात, त्यावर स्वरांच्या जागा आखून कडा ठोकतात, बाजूचा पत्रा हव्या त्या उंचीवर कापतात, आचेवर तापवतात आणि मग एकेक स्वर लावतात. शेवटचं काम सर्वांत वेळखाऊ, आणि किंमत त्याचीच असते. स्मरणवस्तूंच्या दुकानातल्या पुष्कळ पॅनवर स्वरांच्या जागा नुसत्या रंगवलेल्या असतात. भिंतीवर टांगायला ठीक.

रबरी टोकाची काठी मागून घ्या आणि प्रत्येक स्वर हलक्या हाताने वाजवा. आठ स्वरांच्या छोट्या पॅनवर सा ते वरचा सा सरळ गाता आला पाहिजे. आवाज खरखरला किंवा शेजारचा स्वरही सोबत बोलला, तर लावणी कच्ची आहे. जोरात मारून पाहू नका, त्यानेही स्वर उतरतो. क्रोमखाली फोड किंवा तांबूस ठिपके दिसले तर पत्रा आतून गंजतोय, तो घेऊ नका. नेताना वाटीत कपडे कोंबून दाबू नका आणि उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. जमेल तर बनवणाऱ्याकडूनच घ्या. कार्निव्हलच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत पॅनयार्डांत, म्हणजे वादकांच्या पथकांच्या आवारांत, रात्री सराव चालतो. वादकांना विचारलं तर कारागिराचा पत्ता मिळतो.

प्रश्न : बियांच्या माळा आणि कासव-पोवळ्याच्या वस्तू आणाव्यात का?

लाल-काळ्या ‘जंबी बीड्स’च्या माळा हटकून दिसतील. त्यांतल्या बारीक बिया म्हणजे आपली गुंजच, आणि तिचं विष जीवघेणं असतं. अखंड बी टणक सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते, पण माळेसाठी भोक पाडलेली बी तेवढी सुरक्षित राहत नाही. घरात लहान मूल असेल तर घेऊच नका. जॉब्स टिअर्स नावाच्या गवताच्या करड्या, चकचकीत बियांच्या माळा चालतील.

कासवाच्या पाठीच्या वस्तूंना हात लावू नका, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय सायटिस कराराने त्यांच्या व्यापारावर बंदी आहे. काळ्या पोवळ्याला परवाना लागतो आणि तो विक्रेत्याकडे क्वचितच असतो. त्यापेक्षा कॅलाबाश या कठीण कवचाच्या फळाच्या कोरीव वाट्या घ्या. आतून गर खरवडून गुळगुळीत केलेली, टाचणीएवढी भोकं नसलेली आणि कुबट वास न येणारी वाटी निवडा. भोक असेल तर आत कीड आहे, आणि विमानतळावरही तीच अडवली जाईल.

प्रश्न : तिथून आणलेल्या कोकोच्या गोळ्यांवर पांढरा थर आला. टाकून द्यावेत का?

बोटाने चोळा. थर विरघळून चकाकी आली तर ते वर आलेलं कोकोचं लोणी आहे, गोळा खुशाल वापरा. थर लोकरीसारखा असेल किंवा कुबट वास येत असेल तर ती बुरशी, टाकून द्या. त्याचं पेय करायला दोन कप पाण्यात किसलेला कोको दोन मोठे चमचे आणि दालचिनीचा तुकडा घालून दहा मिनिटं उकळा, गाळा, मग दूध आणि साखर घाला. वर तेलाचे डोळे तरंगतात, ते काढू नका.

प्रश्न : घरी बारा केले, पण पुरीसारखे कडक झाले.

पीठ घट्ट भिजवलं असणार. दोन कप मैद्याला प्रत्येकी अर्धा चमचा हळद, जिरेपूड, मीठ आणि साखर, एक चमचा इन्स्टंट यीस्ट आणि पाऊण ते एक कप कोमट पाणी घ्या. पीठ हाताला चिकटलंच पाहिजे. तास-दीड तास झाकून ठेवा. लाटणं नको आणि वरून पीठही नको. तेलाच्या हाताने लिंबाएवढा गोळा चार इंचांचा थापा आणि गरम तेलात प्रत्येक बाजू दहा-पंधरा सेकंदच तळा. तांबूस होईपर्यंत थांबलात की कडक होणार. काढल्या काढल्या कापड घातलेल्या डब्यात एकावर एक रचून झाका, आपल्याच वाफेने ते मऊ राहतात.