कोटेशनचं शेवटचं पान

पोरी,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेलं ईआरपीचं, म्हणजे स्टोअरपासून हिशेबापर्यंत सगळा कारभार एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कोटेशन दोनदा वाचलं. पहिल्या पानावर तू पेनानं गोल केलायस: लायसन्स ४,८०,०००, इम्प्लिमेंटेशन २,५०,०००. शेजारी लिहिलंयस, "काका, साडेसात लाखांत बसतंय, बाबा तयार आहेत." बाबा तयार आहेत, कारण त्यांनी शेवटचं पान वाचलेलं नाही. त्यांची सवय लेथची. एकदा बसवली की वीस वर्षं तेलपाण्यावर चालते. सॉफ्टवेअर म्हणजे दारात बांधलेली म्हैस, वैरण रोज लागणार.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे: दुसऱ्या वर्षापासून लायसन्सच्या १८ टक्के एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), आणि तीत दरवर्षी १० टक्के वाढ. पहिला हप्ता ८६,४००. पाचव्या वर्षापर्यंतचे चार हप्ते मिळून ४ लाखांच्या वर जातात, म्हणजे जवळपास आणखी एक लायसन्स. शिवाय सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. त्याचं क्रेडिट मिळेल, पण लायसन्स आणि इम्प्लिमेंटेशनचेच आधी खिशातून ८,६१,४०० द्यावे लागतील. हा दर म्हणजे लूट आहे असं मात्र मी म्हणत नाही. ओरॅकलसारखी मोठी कंपनी सपोर्टचे वर्षाला २२ टक्के घेते. दुखणं असं की हा खर्च लोक दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा मोजतात.

आता विक्रेत्याला विचार, कायदा बदलला तर तो बदल एएमसीत की वेगळा? ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, २०२० च्या ऑक्टोबरात आलं तेव्हा ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना होतं. शिरोलीत आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, निवांत. मग १००, ५०, २०, १० असं करत १ ऑगस्ट २०२३ ला ते ५ कोटींवर आलं. प्रत्येक पायरीला कुणाच्या तरी दारात विक्रेता नवं बिल घेऊन उभा होता. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एडिट लॉग सक्तीचा झाला. कुणी कुठली नोंद कधी बदलली हे पुसता येता कामा नये. तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, तुम्हाला तो लागूच. म्हणून 'कायदेशीर बदल एएमसीत समाविष्ट' हे वाक्य लेखी घे. तोंडी 'हो मॅडम, सगळं येतं' याला किंमत नाही.

फुकटाचंही सांगतो. आमच्या फाउंड्रीत पहिली सिस्टीम आली तेव्हा डेटाबेस फुकटातला घातला होता. तीन वर्षं उत्तम चालला. एका मार्चअखेरीला संध्याकाळी साडेसहाला बिल सेव्ह होईना. गेटवर दोन ट्रक भरून उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, आणि फोनवर पलीकडचा पोरगा सांगतोय, "सर, डेटाबेस फुल्ल झालाय, पैशांची आवृत्ती घ्यावी लागेल." त्या रात्री चलनं हातानं लिहिली. नंतर कळलं, आम्ही प्रत्येक हीटच्या (भट्टीतल्या एका खेपेच्या) टेस्ट सर्टिफिकेटचं स्कॅन डेटाबेसच्या पोटातच कोंबत होतो. ती स्कॅनं बाहेर एका फोल्डरात हलवली आणि निम्मी जागा रिकामी झाली. नवं लायसन्स मात्र तोवर घेऊन झालं होतं! तुझ्या कोटेशनातही एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस लिहिलंय. तो फुकटातला डेटाबेस, आणि त्याला जागेची मर्यादा असते; २०२२ च्या आवृत्तीत ती १० जीबी होती. वाईट नाही, फक्त ड्रॉइंगं आणि सर्टिफिकेटं कुठं साठणार ते आजच विचार.

सगळ्यात मोठा खर्च तर कोटेशनात नसतोच. तो तुमच्या स्टोअरकीपरच्या संध्याकाळांचा. त्याच्या रजिस्टरात एकच बोल्ट 'एम १२', 'बोल्ट १२ एमएम', 'षटकोनी १२' आणि नुसता 'गाडीचा बोल्ट' अशा चार नावांनी बसलेला असणार. आमच्याकडे होता. आयटम मास्टर (सगळ्या मालाची मूळ यादी) साफ करायला आम्हाला चार महिने लागले, रोज सुट्टीनंतर दोन तास. ते न करता डेटा चढवलात तर जुना घोळ नव्या स्क्रीनवर दिसेल, एवढाच फरक.

आणि 'आमची पद्धत वेगळी आहे' हे बाबांचं वाक्य. जॉबवर्कचं, म्हणजे बाहेरच्या शॉपला कामाला दिलेल्या मालाचं, तुमचं चलन खरंच वेगळं असेल तर बदल करून घ्या. पण बाकी? जर्मनीतल्या लिडल या सुपरमार्केट साखळीनं सॅप या ईआरपीवर सात वर्षं घालवून २०१८ मध्ये प्रकल्प बंद केला. बातम्यांतला आकडा सुमारे ५० कोटी युरोंचा. एक मोठी अडचण अशी सांगितली गेली की त्यांना माल खरेदीच्या भावानं मोजायचा होता, आणि मूळ प्रणाली विक्रीच्या भावानं मोजत होती, म्हणून ती बदलत बसले. तुमचा बदल तेवढा मोठा नाही, पण गणित तेच: आज एकदा पैसे, आणि नवी आवृत्ती आली की तोच बदल पुन्हा बसवायचे पुन्हा पैसे.

बाहेर पडण्याचा खर्चही मोज. कंपनीला हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं जपावी लागतात. उद्या ही सिस्टीम सोडलीत तरी जुना डेटा उघडता यायला हवा. भाड्याच्या क्लाउडवर असाल तर भाडं थांबल्यावर तो कुणाच्या हातात, कुठल्या रूपात मिळणार? करारात लिहून घे. आणि लॉगिनला माणशी पैसे म्हणून सगळे एकाच नावानं शिरतात, ते करू नकोस. मग त्या एडिट लॉगमध्ये सगळी पापं एकट्या स्टोअरकीपरच्या नावावर.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. हिशेब टॅलीतच राहू दे. त्याचं टीएसएस (अपडेट आणि सपोर्टची वर्गणी) दरवर्षी भरावं लागतं, पण ते तुमच्या अकाउंटंटच्या हाताला बसलंय. नव्या सिस्टीमचा फक्त स्टोअर आणि जॉबवर्कचा भाग घ्या, पाच युजरपुरता. कुठल्या चाकणच्या शॉपला दिलेलं कास्टिंग किती दिवस पडून आहे हे तुला आज सांगता येत नाही, तुमचा पैसा तिथं अडकलाय. ते सुटलं की पुढचं बघू.

सही करण्याआधी विक्रेत्याला एक काम सांग: डेमोमध्ये भरलेला सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून तुझ्यासमोर पेनड्राइव्हवर दे. मंगळवारी येतोय म्हणालीस ना? किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघ आणि मला फोन कर.

रविवारी सकाळी मी शॉपवर येतो. स्टोअरची तीन वर्षांची रजिस्टरं काढून ठेव, आणि स्टोअरकीपरमामांना आधी विचार की त्यांना वेळ आहे का. भडंग मी आणतो.

तुझा,
काका