ऑपरेशननंतर ऑक्सिजन ९१ वर का आला?

प्रश्न: आईचं (वय ६४) पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. छान झालं म्हणाले, पण रिकव्हरीत मशीन सारखं वाजत होतं, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९१ दाखवत होतं, मग मास्क लावला. तिला दमा वगैरे काही नाही. भूल जास्त झाली का? आता बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे आणि ते प्रचंड घोरतात.
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, तेवढ्यावरून भूल जास्त झाली असं अजिबात नाही म्हणता येत. पूर्ण भूल दिली की फुफ्फुसाचा खालचा भाग थोडा मिटतो, त्यात वरच्या पोटाचं ऑपरेशन, श्वास घेतला की दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो आणि आकडा खाली येतो. ९१ ला मास्क लावला ते अगदी योग्य केलं, कारण ९० च्या खाली गेलं की घसरण फार पटकन होते. कधी बोटं गार पडलेली असतात किंवा नखांवर गडद नेलपॉलिश असतं म्हणूनही मशीन चुकीचं दाखवतं, पण ते डॉक्टर-सिस्टरांना ठरवू द्या, घरच्यांनी मास्क काढायचा नाही.

वॉर्डात श्वासाच्या व्यायामासाठी तीन बॉलचं यंत्र देतात ना, त्यात बरेच जण जोर लावून फुंकतात. फुंकायचं नाही! नळी तोंडात धरून श्वास हळूहळू आत ओढायचा, बॉल वर गेले की दोन-तीन सेकंद तसाच धरायचा, जागेपणी तासाला दहा वेळा. पेशंटला टेकून बसवा, खोकताना पोटावर उशी दाबून धरायला सांगा, आणि दुखत असेल तर सहन करत बसू नका, गोळी मागा, दुखणं कमी झालं तरच खोल श्वास घेता येतो.

बाबांचं घोरणं मात्र भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, प्लीज. झोपेत मधेच श्वास थांबतो का, दचकून उठतात का, दिवसा पेंगतात का हेही सांगा. अशांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, असू शकतो, मग भूल आणि वेदनाशामक औषधं जपून ठरवावी लागतात, श्वासाचं सीपॅप मशीन वापरत असतील तर ते सोबत न्या. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, ऑक्सिजन चालू असताना आकडा ९८ दिसला तरी श्वास मंदावलेला असू शकतो, त्यामुळे ऑपरेशननंतर हाक मारूनही बाबा नीट जागे होत नसतील तर आकड्याकडे बघत बसू नका, लगेच सिस्टरांना बोलवा.