अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलचं एवढं वेड का? आणि टेलगेटला बोलावलंय, तर काय करून नेऊ?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की कंपनीच्या कामासाठी नुकतेच पुण्याहून कोलंबसला आलात, शनिवारी अख्खं शहर लाल-राखाडी कपड्यांत दिसतं, मॅनेजरने टेलगेटला (म्हणजे मॅचआधी पार्किंगमध्ये गाड्यांपाशी जमून खाणंपिणं) बोलावलंय, आणि तिथे राजकारण निघालं तर काय बोलायचं याचीही धास्ती आहे. उत्तर लांबणार आहे. मी इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठातूनच एमएस केलं, मग नोकरी, लग्न, मुलं सगळं याच गावात. त्यामुळे निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नका.

आधी वेडाबद्दल. (इथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, त्याला इथे सॉकर म्हणतात.) कोणालाही विचाराल तर ‘परंपरा’ असं उत्तर येईल. ते खरंच आहे. पहिला कॉलेज सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला, म्हणजे हा खेळ एनएफएल या व्यावसायिक लीगपेक्षा कितीतरी जुना. पण नुसत्या जुनेपणाने माणसं नोव्हेंबरच्या थंडीत साडेतीन तास लोखंडी बाकावर बसत नाहीत. खेळाचा दर्जा म्हणाल तर एनएफएल केव्हाही वरचढ. माझं मत असं, की लोक कॉलेजला धरून राहतात कारण कॉलेज गाव सोडून जात नाही.

इथे व्यावसायिक संघाला मालक असतो, आणि मालकाच्या मनात आलं की संघ ट्रकमध्ये चढतो. क्लीव्हलंड इथून दोन तासांवर. नोव्हेंबर १९९५ मध्ये ब्राउन्सच्या मालकाने संघ बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. पन्नास वर्षांचा संघ, भर हंगामात ही बातमी. नाव आणि रंग शहराकडे राहिले, खेळाडू गेले, आणि १९९९ मध्ये त्याच नावाचा कोरा संघ उभा राहिला. गंमत म्हणजे बाल्टिमोरचा स्वतःचा संघ १९८४ साली असाच रातोरात ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला गेला होता. आपल्या कोलंबसचंच घ्या. इथला सॉकरचा संघ ‘क्रू’ ऑस्टिनला हलवायचा घाट २०१७ मध्ये घातला गेला. लोकांनी मोहीम चालवली, नवे मालक मिळाले, म्हणून वाचला.

ओहायो स्टेट मात्र १८७० पासून जिथे आहे तिथेच आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचं स्टेडियम १९२२ चं. त्यात १,०२,७८० माणसं बसतात. तीन वानखेडे मावतील. त्यातले बरेच जण या विद्यापीठात शिकलेलेही नाहीत. माझ्या शेजारचे आजोबा ट्रक चालवायचे, कॉलेजची पायरी कधी चढले नाहीत, पण त्यांच्या फाटकावर झेंडा बारा महिने. गाव सुटलं तरी ग्रामदैवत बदलत नाही, तसंच हे. त्यांचा मुलगा टेक्सासला गेला, मुलगी फिनिक्सला, शनिवारी दोघंही फोनवर हीच मॅच बोलत असतात.

खेळ समजायला सुरुवातीला एवढं पुरे: दहा यार्ड पुढे जायला चार संधी, त्यांना डाउन म्हणतात. चेंडू घेऊन पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात पोचलं की टचडाउन, त्याचे सहा गुण, त्यानंतर लाथ मारून एक किंवा पुन्हा घुसून दोन. लाथेने चेंडू खांबांमधून घातला की फील्ड गोल, त्याचे तीन. बाकीचं शेजारचा माणूस न विचारता सांगेल.

शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाबद्दल मात्र जास्त सांगायला हवं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवसांनी, मिशिगनशी सामना असतो. त्याला नावच ‘द गेम’. पहिला १८९७ मध्ये झाला, पण भांडण त्याहून जुनं. १८३५ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन दोन्हीकडची सशस्त्र माणसं समोरासमोर आली होती. टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनला भरपाई म्हणून उत्तरेकडचं मोठं द्वीपकल्प. तिथे पुढे तांबं आणि लोखंड निघालं, ही गोष्ट इथे कोणी फारशी सांगत नाही. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवर जिथे जिथे ‘एम’ अक्षर आहे तिथे लाल पट्टीची फुली मारतात. मिशिगनचं नावही घेत नाहीत, ‘वर उत्तरेतला तो संघ’ म्हणतात. ऑफिसात निळा-पिवळा शर्ट घालू नका. थट्टाच करतील, पण दिवसभर करतील.

२०२४ मध्ये काय झालं ते ठाऊक असलेलं बरं, कारण विषय निघणारच. मिशिगनचा संघ त्या वर्षी साधारण होता, आम्ही तगडे, सामना इथेच. हरलो १३-१०. लागोपाठ चौथ्यांदा. प्रशिक्षक रायन डे यांना काढा म्हणून गावभर ओरडा. पण त्याच हंगामापासून प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, चारऐवजी बारा संघ घ्यायला लागले होते, म्हणून आम्ही आत राहिलो आणि २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेते झालो. ज्यांना हाकलायचं होतं त्यांना वर्षाला सरासरी सव्वा कोटी डॉलरचा नवा करार मिळाला. आजोबांना मी विचारलं होतं, विजेतेपद देऊन मिशिगनवरचा विजय घेता येत असता तर घेतला असता का? ते बराच वेळ गवत कापत राहिले.

आता जेवणाकडे येऊ, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते.

पहिली गोष्ट, मॅच किती वाजता आहे ते बघा. टीव्हीवाल्यांच्या सोयीने इथले बरेच सामने दुपारी बाराला असतात. म्हणजे टेलगेट सकाळी सात-आठला सुरू, पार्किंगमध्ये, गाडीची डिकी उघडून. लोक शेगडीवर ब्राटवुर्स्ट (जर्मन सॉसेज) आणि बर्गर भाजतात, कोणीतरी बफेलो चिकन डिप आणतं, कोणीतरी बीन्स घातलेली चिली (खिम्याचा घट्ट रस्सा). कांदेपोहे न्यायचा मोह होईल. नेऊ नका, उघड्यावर पाच मिनिटांत गार होऊन वातड होतात. वडापावाचाही नाद सोडा. घरून तळून नेला तर डब्यात वाफ धरून मऊ पडतो, आणि तिथे तळायचा म्हटलं तर वाऱ्यात तेलाचा ताव टिकत नाही, शिवाय गर्दीत उकळत्या तेलाची कढई ही कल्पना मॅनेजरला आवडणार नाही.

माझ्या मते दोनच पदार्थ खात्रीचे. खिमा-पाव आणि मिसळ.

खिम्याला इथल्या हलाल दुकानात बकऱ्याचा खिमा मिळतो, तो उत्तम. टर्कीचा घेतलात तर तो कोरडा पडतो. दोन चमचे तेल जास्त आणि थोडं दही घाला, मटार शेवटी. पावाला ब्रिओश किंवा हवाईयन रोल घेऊ नका, दोन्ही गोड. बटाट्याचे म्हणून जे रोल मिळतात ते लादीपावाच्या बरेच जवळ जातात. लोण्यावर तव्यात नाही तर शेजाऱ्याच्याच शेगडीवर परता. त्या निमित्ताने ओळखही होते.

मिसळीची अडचण मटकीची. ऑक्टोबरनंतर घरात हीटर लावला तरी मटकीला मोड यायला नकार. भिजवून निथळलेली मटकी फडक्यात बांधून ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन बंद, आतला दिवा तेवढा चालू, दार लावलेलं. सकाळी मोड आलेले असतात. फक्त ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं कोणीतरी पिझ्झासाठी तो तापवायला घेईल. कट पातळ ठेवू नका, कागदी वाटीतून सांडतो. तिखट निम्मं करा आणि तर्री वेगळ्या बाटलीत न्या. ‘किती तिखट खाता?’ यावरून इथे पैजा लागतात आणि बाटली आधी संपते. गोडा मसाला मात्र कमी करू नका. शेजारच्या सिनसिनाटीत स्पॅगेटीवर दालचिनीच्या वासाचा बीफच्या खिम्याचा रस्सा आणि वर चीजचा ढीग अशी चिली खातात, १९२२ पासून, मॅसेडोनियातून आलेल्या लोकांनी सुरू केलेली. त्यामुळे गरम मसाल्याचा वास आणि थरावर थर रचलेली वाटी यांचं या राज्यात कोणाला नवल वाटत नाही. खाली मटकी, वर कट, फरसाण, कांदा, लिंबू. एकदा दाखवलंत की दुसरी वाटी ते स्वतःच बांधतात.

गरम ठेवायचं कसं? तिथे वीज नसते. आपण बर्फासाठी वापरतो तो मोठा कूलर घ्या, आत उकळतं पाणी ओतून दहा मिनिटांनी फेकून द्या, मग जाड बुडाचं झाकणाचं भांडं टॉवेलांत गुंडाळून आत ठेवा. तीनेक तास हात पोळेल इतकं गरम राहतं. आणि एक चिठ्ठी लावाच: यात शेंगदाणे आहेत की नाहीत. इथे दाण्याची ॲलर्जी असलेली मुलं बरीच असतात आणि आपल्या हाताला कूट घालायची सवय.

गोड काही न्यायचं तर बकआय करा. पीनट बटर, लोणी आणि पिठीसाखर मळून गोळ्या वळायच्या, फ्रिजमध्ये घट्ट करायच्या आणि वर डोळ्याएवढा गोल मोकळा सोडून चॉकलेटात बुडवायच्या. दाण्याचे लाडू वळता येत असतील तर पहिल्याच घाण्याला जमतात. ज्या झाडाच्या फळासारखे ते दिसतात ते बकआयचं फळ स्वतः विषारी असतं, तेव्हा कॅम्पसवर उचललेलं मुलांना तोंडात घालू देऊ नका.

पार्किंगमधल्या गप्पांत हल्ली निम्मा वेळ पैशाचा विषय असतो. पूर्वी खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे एक डॉलर घ्यायची बंदी होती. १ जुलै २०२१ पासून जाहिराती, सह्या वगैरेतून कमवायची मुभा मिळाली. मग जून २०२५ मध्ये कोर्टाने एक तडजोड मंजूर केली. त्यानुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २८० कोटी डॉलर, आणि विद्यापीठांना चालू खेळाडूंना थेट पैसे द्यायची परवानगी, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हा आकडा सगळ्या खेळांचा मिळून आहे, पण मोठा घास फुटबॉलचाच. मुलांना पैसे मिळायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. लाखभर लोक ज्यांना बघायला तिकिटं काढतात त्यांनी फुकट हाडं मोडून घ्यायची हा कुठला न्याय?

मला खुपतं ते दुसरंच. आमचा विजेता क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू) विल हॉवर्ड कॅन्सस स्टेट विद्यापीठातून एका वर्षासाठी आला होता. आला, जिंकला, गेला. ‘बिग टेन’ नावाच्या आमच्या गटात आता अठरा विद्यापीठं आहेत आणि त्यातली चार पॅसिफिक किनाऱ्यावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन तासांचा वेळेचा फरक ओलांडून ओरेगॉनला गेलो आणि ३२-३१ ने हरून आलो. पलीकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ या गटात दोनच संघ उरले होते. जो खेळ गावाला चिकटून होता म्हणून लोकांनी जीव लावला, तोच आता सैल होत चाललाय. शिवाय फुटबॉलच्या उत्पन्नावर इथे पोहणं, कुस्ती, तलवारबाजी असे तीसपेक्षा जास्त संघ जगतात. त्यातले किती दहा वर्षांनी दिसतील, ही चिंता आजोबांना नाही, मला आहे, कारण माझी मुलगी पोहते.

(आपल्या मंडळाचा गणपतीही या फुटबॉलवेडाला अपवाद नाही. तो सप्टेंबरातल्या शनिवारी बसवायचा तर समितीत कोणीतरी आधी सामन्यांचं वेळापत्रक उघडतं. घरच्या मॅचच्या दिवशी आरतीला हॉल अर्धा रिकामा.)

राजकारणाची धास्ती तुम्ही घेतलीत ते बरोबरच आहे. विजेत्या संघाला एप्रिल २०२५ मध्ये व्हाइट हाउसला बोलावलं होतं. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स इथलेच विद्यार्थी. त्यांनी ट्रॉफी उचलली आणि तिचं बूड निसटून खाली पडलं. यावर दोन्ही पक्षांचे लोक हसतात, तेव्हा हा विषय निर्धोक. व्हिसाचा तसा नाही. १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा झाली तेव्हा आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲपवर रात्रभर झोप नव्हती. सुट्टीला भारतात गेलेले विमानाची तिकिटं शोधत होते. त्या शनिवारी ओहायो स्टेटचा सामना नव्हता, तेवढंच नशीब. पुढच्या आठवड्यात एकाने मला बर्गर उलटता उलटता मनापासून विचारलं, तुझ्या नोकरीला काही धोका नाही ना? दुसरा तिथेच म्हणाला, शुल्क बरोबरच आहे. दोघंही एकाच शेगडीवर.

तुम्हाला विवेक रामस्वामी यांच्याबद्दलही विचारतील, भारतीय वंशाचे ते ओहायोच्या गव्हर्नरपदाच्या २०२६ च्या निवडणुकीत उतरले आणि तुमचं नाव भारतीय आहे, एवढंच कारण. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मी अशा वेळी विचारते, ‘तिसऱ्या डाउनला दोन यार्ड हवे असताना आपण पास का टाकतो?’ पुढची वीस मिनिटं मला तोंड उघडावं लागत नाही.